माडीवरची न्हाणी

लाकडावर न्हाणी कोणी बांधत नाही. एवढं शहाणपण आमच्या वऱ्हाडात कोणालाही असतं. फरशी असते, ती नसली तर अंगणात चार दगड मांडून, तट्ट्याचा आडोसा करून माणसं आंघोळी उरकतात. तरी अकोल्याला आम्ही ज्या घरात भाड्यानं राहत होतो तिथं माडीवर, सागाच्या फळ्यांवर न्हाणी होती, आणि ती खास आमच्यासाठी केलेली होती.

घर एका शेतकरी कुटुंबाचं होतं. बाळापूरच्या बाजूला त्यांची काळी जमीन होती. मालक बहुतेक तिकडेच असत, घर चालवायची ती मालकीणबाई. आम्ही बौद्ध होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. माझे यजमान कचेरीत कारकून होते. घर पाहायला गेलो तेव्हा यांनी जोडे काढता काढताच सांगून टाकलं की आम्ही बौद्ध आहोत, मागाहून कटकट नको. मालकीणबाई म्हणाली, "आमाले काही नाई बाप्पा. आमाले सरकारी माणूस पायजे होता." आणि माडी आम्हाला दिली.

मागच्या अंगणात विहिरीला लागून चांगली ऐसपैस न्हाणी होती. शहाबादी फरशी, कोपऱ्यात चुल्हा, पाणी जायला पक्की मोरी. पण आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात मालकीणबाईनं वरच्या अडगळीच्या खोलीत पत्रा ठोकून एक कोपरा वेगळा काढला, फळ्यांवर डांबराचे दोन हात दिले, कडेनं विटांची बुटकी कड घातली आणि भिंतीतून एक पन्हळ मागच्या गल्लीत सोडली. "वरच्या वर बरं पळते तुमाले," ती म्हणाली. "खाली-वर काहून करता?" यापलीकडे कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. पाणी आम्ही गल्लीच्या नळावरून आणायचो आणि वरच्या वर आंघोळ करायचो. त्या न्हाणीच्या बरोबर खाली त्यांची सरकीची खोली होती. बैलांना घालायची सरकी तिथं पार छतापर्यंत भरलेली असे.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. माझं माहेर अमरावतीचं. आठवा महिना संपता संपता हे मला पोहोचवून देणार होते. त्याआधीच कळा सुरू झाल्या आणि अकोल्याच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. दोन दिवस ती होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नव्हती. यापेक्षा जास्त लिहायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला, पण वाक्यं पुढं जात नाहीत. दोष कोणाचाच नव्हता. लहान होती, दिवस भरायच्या आधी आली होती.

माझ्या मायला यांनी दोन तारा केल्या होत्या. पहिली तिला मिळाली. दुसरी घरी पोचली तेव्हा ती मोटारीत बसलेली होती. मी दवाखान्यातून घरी आले त्याच दुपारी ती जिना चढून वर आली, डोक्यावर ट्रंक. ट्रंकेत तूप, डिंक, खारीक, गोडंबी, बाळंतशेपा आणि तिनं हातानं शिवलेली सहा झबली. दारातच तिनं विचारलं, "कुठी हाये पोट्टी?"

हे भिंतीकडे पाहायला लागले. मी बाजेवर होते, मी छताकडे पाहत होते. मायनं ट्रंक खाली ठेवली आणि ती ट्रंकेवरच बसली. किती वेळ बसली मला सांगता येणार नाही. मग उठून तिनं यांना विचारलं, "हिच्यासाठी पाणी तापोलं काय कोणी?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं सव्वा महिन्याचं न्हाणं सुरू केलं. शेजारच्या एकदोघींनी नाकं मुरडली. लेकरू नाही, आणि बाळंतिणीचे लाड कशाला? माय त्यांना म्हणाली, "लेकरू असो का नसो, बाळंतीण ते बाळंतीण. हिची हाडं उघडी हायेत. आता वारं लागलं त जलमभर ठणकतीन." मायशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. त्या बाया पुन्हा आल्या नाहीत.

सकाळी हे नळावरून चार खेपा करायचे आणि मग कचेरीत जायचे. माय कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून पितळेचा मोठा गुंड भरून पाणी कडकडीत तापवायची, त्यात कडूनिंबाचा पाला टाकायची. मला तेल लावून रगडायची, न्हाणीत पाटावर बसवायची आणि माझ्यासमोर उभी राहून, वाकून, लोट्यानं पाणी ओतायची. मानेवर, पाठीवर, कंबरेवर. चाळीस-पन्नास लोटे. एवढ्या पाण्यात आमचं सगळं घर दोन वेळा न्हालं असतं. मग मला पुसून, बाजेखाली शेगडी ठेवून, त्यावर शेप-ओवा टाकून ती मला झोपवायची आणि डिंकाचा लाडू हातात द्यायची. मी तो खायची. चव लागायची नाही, पण खायची.

मला काहीच वाटत नव्हतं. हे शब्दशः घ्यावं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, कोणाचा रागही येत नव्हता. भेटायला आलेल्या बाया माझ्या कोरड्या डोळ्यांकडे पाहून नाराज होऊन जायच्या. रडणारी बाई सांत्वन करणाऱ्याला बरी पडते. मी त्यांना काहीच काम दिलं नाही. हे कचेरीतून येऊन माझ्याशेजारी बसायचे, कचेरीतल्या फायलींचं सांगायचे, मी हुं म्हणायची. एका माणसाच्या अंगावर घोंगडी टाकून त्याला बाहेरून कोणी काही विचारत राहावं, तसं ते होतं.

फक्त न्हाणीत, ते कडक पाणी मानेवर पडायचं तेव्हा, मला मान आहे हे कळायचं. मग पाठ आहे हे कळायचं. मायचा हात खरखरीत होता, तो खांद्यावरून फिरला की खांदा सापडायचा. दिवसाचा तेवढा अर्धा तास मी होते, उरलेला दिवस नव्हते. सकाळी डोळे उघडायचे ते त्या पाण्यासाठी. दुसरं कारण मला नव्हतं, आणि हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं.

बाराव्या दिवशी पाटावरून उठताना माझी टाच फळीत दबली. थोडीशीच. मी अंगठ्यानं पुन्हा दाबून पाहिलं. फळी ओल्या भाकरीसारखी मऊ होती आणि दाबलं की दोन फळ्यांच्या सांध्यातून पाणी वर येत होतं, डांबराचा एक फुगा फुटलेला होता. माय बाहेर लुगडं घ्यायला गेली होती. मी खाली बसून बोटानं चाचपलं. दोन फळ्या आतून गेल्या होत्या. आणि त्या दोन फळ्या बरोबर माय उभी राहायची तिथल्या होत्या.

मी कोणालाच काही सांगितलं नाही.

का, ते सांगते. सांगितलं असतं तर त्याच दिवशी न्हाणं थांबलं असतं. मालकीणबाईनं डोळे वटारले असते, यांनी सुतार शोधला असता, आठ-पंधरा दिवस खोली बंद पडली असती. आणि न्हाणं थांबलं म्हणजे मायला अकोल्यात काम उरलं नसतं. तिकडे अमरावतीला माझे वडील आणि दोन भाऊ हातानं भाकरी थापत होते. वडिलांची कार्डं येत होती, कधी येणार म्हणून. माय ते कार्ड माझ्याकडून वाचून घ्यायची आणि म्हणायची, "सव्वा महिना झाला का येतो म्हणा." माझ्याजवळ सव्वा महिना होता, त्यातले बारा दिवस गेले होते. उरलेल्यातला एकही दिवस मला द्यायचा नव्हता. तेवढ्यासाठी मी माझ्या मायला कुजक्या फळीवर उभं राहू दिलं. जुन्या हिरव्या लुगड्याची एक चिंधी फाडून मी त्या सांध्यात दाबून बसवली आणि वरून गरम पाण्यानं मऊ झालेलं डांबर बोटानं सारखं केलं. त्यानंतर रोज ती त्या फळीवर उभी राहायची, मी पाटावर बसून तिच्या पायांकडे पाहायची आणि माझ्या मानेवर पाणी पडलं की डोळे मिटून घ्यायची.

मग घरात वास सुटला. आंबूस, उबट वास. सरकीत पाणी गेलं की ती आतून तापते, मग बुरसटते, हे वऱ्हाडात लेकरालाही कळतं. पण सरकीची खोली एवढी गच्च भरलेली होती की पाणी वरच्या वर जिरत होतं आणि खाली समोरच्या ढिगातून काढून बैलांना घालणं चालूच होतं. मालकीणबाईला वाटलं उंदीर मेला असावा. तिनं खालचं घर धुंडाळलं आणि मग अर्धा जिना चढून वर आली.

"तुमच्याकळे काही मेलं काय वं?" तिनं मला विचारलं. "वास कायचा येऊन राहिला?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं जीभ चावली, पदर तोंडावर घेतला आणि ती तशीच उलट्या पावली खाली गेली. मायचं तोंड लाल झालं, हातातली परात तिनं जोरात आपटली. मला मात्र काही झालं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं लक्ष त्या प्रश्नात नव्हतंच. मी मनात हिशेब करत होते तो एवढाच, की वास खालच्या खोलीतून येतो हे तिला कधी कळेल.

तेविसाव्या दिवशी कळलं. शेवटचे चार-पाच लोटे राहिले होते. माय वाकली, काड्‌कन आवाज झाला आणि तिचा उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. ती ओरडली नाही. तिनं दोन्ही हातांनी आधी तो गरम पाण्याचा गुंड धरला, तो माझ्या अंगावर कलंडत होता म्हणून. गुंड सरळ केला आणि मग तिनं दात आवळले. ओरडली ती मालकीणबाई. ती त्याच वेळी सरकी काढायला खोलीत गेली होती आणि खचलेल्या ढिगाच्या वर तिच्या छतातून एक पाय खाली आला होता.

हे अजून कचेरीला निघायचे होते. मी ओल्या लुगड्यानिशी हाक मारली, यांनी पळत येऊन फळीची बाजूची धार तोडली आणि आम्ही दोघांनी मिळून तिला ओढून काढलं. नडगीचं हाड मोडलं होतं, मांडीला लाकडाच्या सिपट्या शिरल्या होत्या. गल्लीतल्या एकाची दमणी, हलकी बैलगाडी, होती, तिच्यात घालून यांनी तिला दवाखान्यात नेलं. पाय प्लास्टरमध्ये घालून तिसऱ्या प्रहरी परत आणलं. खुर्चीवर बसवून चार जणांनी तिला जिन्यावरून वर घेतलं. माझी बाज मी तिला दिली आणि मी खाली सतरंजीवर आले. तेव्हाही मला रडू आलं नाही. मी तिच्या पायाकडे पाहत होते आणि हे मी केलं एवढं वाक्य डोक्यात होतं, पण ते दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवल्यासारखं होतं.

खाली सरकीचा ढीग फोडला तर मधोमध माणूसभर उंचीची काळी, गरम, बुरसटलेली रास निघाली. मालकीणबाई कपाळावर हात मारून बसली. आमचं पाणी आपल्या मोरीत जाऊ नये म्हणून तिनं ही सगळी योजना केली होती, आणि ते पाणी तिच्या सरकीतून तिच्या बैलांच्या पोटात गेलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. बैलांनी मात्र काही तक्रार केली नव्हती.

मायचं एकच पालुपद होतं, न्हाणं तोडायचं नाही, सव्वा महिना पुरा करायचा. ती बाजेवरून ओरडून सांगत होती, ते खाली ऐकू जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाई जिन्यात येऊन म्हणाली, "अंगनातली न्हानी घ्या आता. वरतं एक लोटाबी सांडू नका." माणुसकीनं म्हणाली की सरकीपायी, ते मी विचारलं नाही. मी फरशीवर बसून स्वतःच स्वतःच्या मानेवर पाणी ओतलं. पाणी गरम होतं, फरशी चांगली होती, मोरीतून पाणी सळसळ वाहून गेलं. मला काहीच जाणवलं नाही. पाच-सहा लोट्यांत आटपून मी वर आले.

चार दिवसांनी मालक शेतावरून आले आणि त्यांनी वाढई आणला. सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात. म्हातारा होता, कमी बोलणारा. त्यानं पहारीनं एकेक फळी उचकटायला सुरुवात केली. मी दारात उभी होते, कारण मायनं मला तिथं उभं राहायला सांगितलं होतं. "काय करते ते पाहून ये, मले सांग." त्यानं पटाशी टोचली की लाकूड भिजलेल्या तंबाखूसारखं निघायचं. बाजूच्या फळ्या मात्र ठणठणीत होत्या.

"लाकूड पाण्यानं मरत नाई, बाई," तो म्हणाला. "पाणी आलं अन् गेलं त साग तुमच्या नातवाच्या नातवाले पुरते. यायनं वरतून डांबर चोपळलं. भेगीतून पाणी आत गेलं, अन् त्याले वाळाले जागाच नाई."

त्यानं सांध्यातून माझी हिरवी चिंधी काढली. काळी, चिकट झाली होती. उलटीपालटी करून पाहिली आणि बाजूला टाकली. मग तो उकिडवा बसला आणि डांबरावर हात फिरवत राहिला. रोज कडक पाणी पडून डांबर मऊ व्हायचं, त्यामुळं त्यावर सगळं उमटलेलं होतं. मधे चार फिकट ठसे होते, पाटाच्या चार पायांचे. भिंतीकडे दुसरे चार होते, चांगले खोल.

"पाट पयले इथं होता," तो म्हणाला. "मंग सरकोला. पाहा, बरोब्बर तुळईवर आणला. खिळ्यायची रांग पाहून मांडला हाये. अठी बसणारीले काही धोका नव्हता, हत्ती बसला असता तरी चाललं असतं." मग त्यानं मोडलेल्या फळ्यांचे तुकडे जुळवले. त्यांवर दोन तळपाय उमटले होते, फेंगडे, बोटं पसरलेली. "अन् हे दुसरी बाई दोन तुळयायच्या मधात उभी राहे. निरा पोकळीवर. पाट मांडणाऱ्या बाईनं हिले सांगतलं नाई काय?"

"दोघी नव्हत्या," मी म्हटलं. "पाट मांडणारी अन् उभी राहणारी एकच होती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाजेच्या खोलीकडे पाहिलं आणि पुन्हा पहार हातात घेतली.

मायचा बाप, माझा आजा, परतवाड्याच्या लाकडाच्या डेपोत हमाली करायचा. माय त्या ओंडक्यांवर खेळून मोठी झालेली. मला आठवलं की नवव्या-दहाव्या दिवशी तिनं लोट्याच्या बुडानं फळ्या ठोकून पाहिल्या होत्या आणि पाट भिंतीकडे ओढला होता. "इकळे बस वं, तिकळून पत्र्यातून वारं येते," असं म्हणाली होती. मी बसले होते.

मी आत गेले. ती बाजेवर पाय लांब करून तांदूळ निवडत होती.

"तुले मालूम होतं," मी म्हटलं.

तिनं सुपातून मान वर केली नाही. "काय?"

"फयी सडली ते."

"मले फयी समजणार नाई त कोणाले समजन?" ती म्हणाली. "माया बापाचा जलम गेला लाकडात."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तू काहून नाई सांगितलं?" तिनं खडा काढून बाजूला टाकला. "चिंधी तुयीच होती ना? हिरव्या लुगळ्याची."

मी म्हटलं, "मले वाटलं न्हाणं बंद होईन. मंग तू चालली जाशीन."

"हां," माय म्हणाली. "मलेबी तेच वाटलं. न्हाणं बंद झालं त सकाऊन तू उठशीन कायले?"

हे तिनं अगदी सरळ आवाजात सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, घरात मीठ संपलं म्हणावं तसं. आणि मला राग आला. दवाखान्यातून आल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि तो राग होता. पायाच्या तळव्यापासून वर आला. मी ओरडले, "मी मागितला होता काय तुया पाय? तुले कोणी सांगितलं होतं तठी उभं राहाले? आता जलमभर लंगडशीन, अन् मी पाहात राहू?" शेजारची ठोकाठोक थांबली. खाली मालकीणबाई जिन्याशी आली असणार, तिच्या बांगड्या वाजल्या. मला कशाचीच पर्वा नव्हती. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. ती वेळेवर आली नाही म्हणून बोलले, यांना बोलले, ट्रंकेत ती झबली अजून का ठेवली म्हणून बोलले. शेवटी म्हटलं, "महिना होत आला, माय. तेल लावलं, लाडू चारले, धुरी देल्ली. एकदा तरी तिची गोष्ट काढली काय तू? तुयी नात होती ते! तुले काही विचारावंच वाटलं नाई?"

माय मला पुरतं बोलू देत होती. माझा श्वास संपला तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं. तिचं तोंड मी नीट पाहिलं ते तेव्हा. ते एका महिन्यात म्हातारं झालं होतं, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तू पाह्यलं होतं तिले," ती म्हणाली. "म्या नाई पाह्यलं. म्या कोण्या तोंडानं इचारू? तू सांगशीन म्हणून मी थांबली होती." तिनं बाजेची कड हातानं थोपटली. "बस. सांग आता. कशी होती?"

मी बसले. मग म्हटलं, केस पुष्कळ होते, कपाळावर आलेले, कानावरही होते. रंग माझा. नाक बसकं, तिच्यासारखंच. माय आपल्या नाकाला हात लावून पाहायला लागली. हाताची बोटं लांब होती, नखं मात्र इतकी मऊ की दिसायची नाहीत. डोळे दोन दिवसांत एकदाच उघडले, आणि तेही माझ्याकडे नाही, खिडकीकडे. दूध ओढायला जोर नव्हता, कापसाच्या बोळ्यानं देत होते. बोलता बोलता माझा आवाज फुटला आणि पाणी डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून यायला लागलं. मी पुसलं नाही, बोलत राहिले. माय एकेका गोष्टीला मान हलवत होती आणि तिच्याही गालावरून पाणी खाली येत होतं.

"रडे काय?" तिनं विचारलं.

"रडे. पण लहानसा आवाज होता. जोर नव्हता."

"कसा?" माय म्हणाली. "करून दाखव."

मी डोळे मिटले, आणि तिला तो आवाज काढून दाखवला.